पंखा आधी हाताने फिरवा

मागच्या अंकात मी आमच्या पिवळ्या स्टियरमनबद्दल लिहिलं होतं. १९४२ साली अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात तयार झालेलं हे प्रशिक्षणाचं विमान: वर-खाली दोन पंख, एकामागे एक दोन उघडी कॉकपिट आणि नाकावर सात सिलिंडरचं गोल रेडियल इंजिन. आम्ही चौघांनी मिळून ते घेतलंय. उडवतो सगळेच, पण इंजिनाची देखभाल माझ्याकडे, कारण जुन्या विमानांची इंजिनं दुरुस्त करणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. त्या लेखात ‘सुरू करण्याआधी आम्ही प्रोपेलर हाताने फिरवतो’ असं एक वाक्य होतं आणि सगळ्यात जास्त पत्रं नेमकी त्याच वाक्यावर आली. मला मनापासून आनंद झाला. या इंजिनाबद्दल एकच गोष्ट सांगायची परवानगी मिळाली असती, तर मी तीच सांगितली असती.

प्रश्न: ताई, मी इस्लामपूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्टार्टर असताना प्रोपेलर हाताने कशाला फिरवायचा? ऑइल सगळीकडे पोचावं म्हणून का? आणि नाही फिरवला तर खरंच काही बिघडतं का?

ऑइल पोचावं म्हणून नाही. हाताने दोन-चार फेऱ्या देऊन पंप बेअरिंगपर्यंत ऑइल नेत नाही. आपण फिरवतो ते नको तिथे साचलेलं ऑइल शोधायला.

मोटारीच्या इंजिनात सिलिंडर वर आणि क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) खाली, त्यामुळे ऑइल आपसूक तळाला जातं. रेडियलमध्ये सिलिंडर क्रँककेसभोवती, म्हणजे त्या दांड्याच्या पेटीभोवती, गोलाकार लावलेले असतात. आमचं काँटिनेंटल आर-६७० हे सात सिलिंडरचं. पहिला सगळ्यात वर, आणि वैमानिकाच्या बाजूने बघून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजत यायचं. म्हणजे चौथा आणि पाचवा तळाला येतात, डोकं जमिनीकडे करून. विमान आठ-पंधरा दिवस उभं राहिलं की क्रँककेसमध्ये उरलेलं ऑइल या दोघांच्या पिस्टन रिंगांमधून हळूहळू झिरपतं आणि खाली हेडमध्ये, व्हॉल्व्ह आणि प्लग असतात तिथे, साचतं.

आता तू गणित करून बघ. इंजिन ६६८ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ११ लिटर. सातांनी भागलं की एका सिलिंडरच्या वाट्याला १.५६ लिटर. कॉम्प्रेशन रेशो ५.४. म्हणजे पिस्टन टोकाला पोचतो तेव्हा त्याच्यापुढे उरलेली जागा साधारण ३५५ मिलिलिटर. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना त्या जागेत मावणार नाही एवढं ऑइल असेल, तर पिस्टन पुढे जाऊच शकत नाही. पण तोवर दुसऱ्या एखाद्या सिलिंडरने पेट घेतला असला, तर तो याला ढकलणारच. मग जे कच्चं असेल ते जातं. कधी हेड तडकतं, कधी सिलिंडर बुडापासून उखडतो. याला हायड्रॉलिक लॉक म्हणतात.

मला सर्वात भीती वाटते ती काहीच न फुटण्याची. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो, इंजिन सुरू होतं, आवाज नेहमीसारखाच येतो, विमान उडतं. तो वाकलेला रॉड मग दर फेरीला थोडा थोडा थकत जातो आणि एक दिवस हवेत तुटतो. असं एक इंजिन माझ्याकडे उघडायला आलं होतं. मालकाने गडबडीत पाती न फिरवताच स्टार्टर मारला होता, इंजिन क्षणभर अडखळलं आणि मग चालू झालं, एवढंच त्याला आठवत होतं. सुदैवाने त्या अडखळण्याचा त्याला संशय आला आणि त्याने उड्डाण केलं नाही. खालच्या सिलिंडरचा रॉड काढून मी सपाट लोखंडी पाटावर ठेवला. नुसत्या डोळ्यांना तो सरळ दिसत होता. पण मधल्या भागाखालून वहीचं पान आरपार सरकत होतं.

फिरवायचं कसं, तर मॅग्नेटोचे (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राचे) स्विच बंद, इंधन बंद, थ्रॉटल मिटलेला, चाकांना ठोकळे आणि कॉकपिटमध्ये जाणता माणूस. हे सगळं करूनही पातं जिवंत आहे असंच धरून हात लावायचा. मॅग्नेटो बंद करणं म्हणजे त्याची एक तार इंजिनाच्या धातूच्या अंगाला जोडणं (अर्थिंग). ती तार कुठे तुटली असेल तर स्विच बंद दिसतो आणि मॅग्नेटो चालूच राहतो. म्हणून बोटं पात्याच्या कडेभोवती गुंडाळायची नाहीत. तळवा सपाट ठेवायचा, खाली ओढायचं आणि त्याच हालचालीत शरीर मागे घ्यायचं. आमचा प्रोपेलर क्रँकशाफ्टला थेट जोडलेला आणि दोन पात्यांचा आहे. फोर-स्ट्रोकचं चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं, म्हणजे चार पाती हाताखालून गेली की सातही सिलिंडर एकदा दाबून झाले. आम्ही आठ पाती मोजतो, मोठ्याने.

हाताला जे कळतं ते इतर कशानेच कळत नाही. चांगला सिलिंडर दाबाला येतो तेव्हा पातं जड होत जातं, क्षणभर तटतं आणि फुस्स करून सुटतं. एखादा सिलिंडर न तटताच निसटला, तर त्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. आणि ऑइल असेल तर पातं मऊपणे जड होत नाही, एकदम भिंतीला लागल्यासारखं थांबतं. तिथे आपणही थांबायचं. पातं ही चार फुटांची तरफ आहे. तिच्यावर दोघं जण लोंबकळले तर इंजिनाची हानी हातानेही करता येते.

त्यानंतरचा उपाय एकच: खालच्या सिलिंडरचे प्लग काढायचे. या फेब्रुवारीत आमच्या पाचव्याने असंच अडवलं. पाना लावून प्लग सैल केला, शेवटच्या आट्याला त्याच्या कडेने एक काळी रेघ उतरली आणि मग थंडीने घट्ट झालेली, काकवीसारखी धार. खाली धरलेल्या कॉफीच्या डब्यात बोटभर ऑइल जमलं. पाती पुन्हा फिरवून उरलंसुरलं बाहेर काढलं, प्लग धुऊन वाळवून बसवला, पुन्हा आठ पाती मोजली आणि मगच स्टार्टरला हात लावला.

प्रश्न: मी हवाई दलातून इंजिन फिटर म्हणून निवृत्त झालो, सध्या नाशिकरोडला असतो. उमेदीची वर्षे हार्वर्ड या प्रशिक्षण विमानांवर गेली. पाते अडले की आम्ही ते थोडे उलटे फिरवून मोकळे करीत असू. तुम्ही लिहिता की फक्त पुढेच फिरवावे. आमची पद्धत चुकीची होती काय?

काका, हार्वर्डचं वास्प इंजिन म्हणजे नऊ सिलिंडर, ६०० अश्वशक्ती. आमच्या २२० अश्वशक्तीच्या इंजिनाचं थोरलं भावंड. त्यावर हात बसलेल्या माणसाने विचारलंय म्हणून टाळाटाळ न करता सांगते: उलटं फिरवू नये, असंच माझं ठाम मत आहे.

कॉम्प्रेशनला अडलेला पिस्टन उलटा फिरवला की आधी मागे सरतो आणि त्यानंतर इनटेकचा, म्हणजे हवा आत घेण्याचा, स्ट्रोक उलटा चालतो. म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उघडा आणि पिस्टन पुन्हा हेडकडे येतोय. साचलेलं ऑइल तो इनटेक पाइपमध्ये लोटतो. पातं मोकळं झालं, हाताला अडथळा लागत नाही, सगळ्यांना वाटतं काम झालं. ऑइल मात्र पाइपच्या खालच्या वळणात बसून राहिलंय. इंजिन सुरू झालं की हवेच्या झोताबरोबर ते तसंच्या तसं परत सिलिंडरमध्ये जातं, आणि आता इंजिन हाताने नाही, स्वतःच्या ताकदीने फिरतंय. काही मोठ्या इंजिनांत खालच्या पाइपांना निचऱ्याची सोय असते. तिथेही निचरा झाला का ते डोळ्यांनी बघावं लागतं. तुमच्या हातून वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही, यात तुमच्या हाताची समज होती. अंदाजापुढे ओढायचं नाही हे तुम्हाला कळत होतं. नव्या मुलाला ती समज येईपर्यंत प्लग काढण्याचीच सवय लावलेली बरी.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की ऑइल मुळात साचूच नये म्हणून काय करतो. उतरल्यावर लगेच बंद करत नाही. मिनिटाला १००० फेऱ्यांच्या आसपास थोडा वेळ चालवतो, म्हणजे परतीचा पंप क्रँककेसमधलं ऑइल ओढून टाकीत परत नेतो. काही मालक टाकीपासून इंजिनाकडे येणाऱ्या नळीत तोटी बसवतात आणि उड्डाण नसताना ती बंद ठेवतात. मला ते अजिबात पटत नाही. तोटी उघडायची एकदा विसरली की इंजिन ऑइलविना चालतं आणि बेअरिंगं पाहता पाहता जातात. ती बंद असताना मॅग्नेटो चालूच होणार नाही अशी जोडणी केली असेल तर गोष्ट वेगळी.

हवाई दलाच्या विंटेज ताफ्यात हार्वर्ड आहे, टायगर मॉथ आहे, २०१८ साली आलेलं ‘परशुराम’ नावाचं डाकोटा आहे. काका, तुमच्या हातांना जे ठाऊक आहे ते कृपा करून लिहून काढा. मॅन्युअलमध्ये आकडे सापडतात. पातं तटताना कसं लागतं ते सापडत नाही.

प्रश्न: आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं ऑइल इंजिन होतं. वरची लिव्हर उचलून हँडल मारायचं, वेग आला की लिव्हर सोडायची, की इंजिन धरायचं. तुमच्या विमानालाबी हँडल आहे म्हणता. येवढं इंजिन माणूस फिरवतो कसा? (वाळवा तालुका)

आबा, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. तुमची ती लिव्हर व्हॉल्व्ह उघडा धरते, त्यामुळे हवा दाबली जात नाही आणि हँडल हलकं फिरतं. जड चाकाने वेग घेतला की लिव्हर सोडायची, चाकातल्या जोरावर पिस्टन दाब ओलांडतो. आमच्या इंजिनाला लिव्हर नाही, पण युक्ती त्याच घरातली आहे. इथे हँडल मारणारा इंजिन फिरवतच नाही. तो स्टार्टरमधलं एक छोटं चाक फिरवतो. मधल्या गिअरांमुळे आपण हँडल सावकाश फिरवलं तरी ते चाक मिनिटाला हजारो फेऱ्या घेतं. तो जोर साठला की एक मूठ ओढून चाक इंजिनाला जोडायचं.

आमच्याकडे हे असं चालतं. कॉकपिटमधला माणूस प्रायमरच्या पंपाने सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल मारतो. थंडीत चार हिसके, उन्हाळ्यात एखाददुसरा. जास्त मारलं तर सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं आणि आगीची भीती वाढते, म्हणून आग विझवायचं नळकांडं घेऊन एक जण बाजूला उभा असतोच. हँडलवाला डाव्या बाजूला, प्रोपेलरच्या मागे आणि पंखाच्या पुढे उभा राहतो. पहिल्या फेऱ्या फार जड. मग आतून बारीक गुणगुण सुरू होते, चढत चढत तिची शीळ होते. शीळ पुरेशी वर गेली की हँडल काढून घ्यायचं, ‘काँटॅक्ट’ असं ओरडायचं, कॉकपिटमधून तोच शब्द परत यायला हवा. परत आला नाही तर पुढे काही करायचं नाही. आला, की मूठ ओढायची. शीळ खाली घसरते, पाती दोन-तीन वेळा अडखळत फिरतात, एक सिलिंडर पेटतो, मग दुसरा, आणि एक्झॉस्टमधून निळसर पांढरा लोट बाहेर येतो. तो खालच्या सिलिंडरमधलं उरलंसुरलं ऑइल जळाल्याचा धूर; थोड्या वेळात विरतो. माझी नजर तेव्हा धुराकडे नसते, ऑइलच्या दाबाच्या काट्याकडे असते. ३० सेकंदांत काटा हलला नाही तर इंजिन बंद. पुन्हा प्रयत्न करायचा नाही, कारण शोधायचं.

त्यानंतर ऑइल ऊन होईपर्यंत तसंच उभं राहायचं. हिवाळ्यात याला वेळ लागतो आणि बघायला आलेले लोक कंटाळतात. त्यांना कंटाळू द्यावं. तुमच्याकडेही थंड इंजिनावर लगेच पंपाचा पट्टा चढवत नसत, तसंच हे.

प्रश्न: सिलिंडर सातच का? आठ असते तर ताकद वाढली नसती का? (पुणे, इयत्ता अकरावी)

वाढली असती, पण इंजिन धड चाललं नसतं. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. गोलात लावलेल्या सिलिंडरना सारख्या अंतराने पेटवायचं तर एक सोडून एक पेटवावा लागतो. सात घे: १, ३, ५, ७ आणि मग आपोआप २, ४, ६, आणि पुन्हा १. दोन फेऱ्यांत सातही झाले, एकही खंड नाही. आता कागदावर आठ काढून बघ. १, ३, ५, ७ नंतर एक सोडला की परत १ येतो. सम आकड्यांची पाळीच येत नाही. म्हणून एका ओळीत नेहमी विषम: पाच, सात, नऊ. जास्त ताकद हवी असेल तर मागे दुसरी ओळ जोडतात. डाकोटाचं इंजिन चौदाचं आहे, म्हणजे साताच्या दोन ओळी.

आणि रोटरी इंजिन म्हणजे हेच का, असंही तू विचारलंस. नाही: पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनात प्रोपेलरबरोबर सिलिंडरसुद्धा फिरायचे. रेडियलमध्ये ते जागेवर असतात. दिसायला सारखी, पण जात वेगळी.

प्रश्न: आम्ही वास्कोचे. बोगमाळोच्या वाटेवर नौदलाच्या विमान संग्रहालयात मोठं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. त्याची इंजिनंही तुमच्यासारखीच का?

हो, घराणं तेच. लहान असताना तुम्ही त्याच्या पंखाखाली उभे राहिला असाल तर आता पुन्हा जा आणि इंजिनाकडे समोरून बघा. राइट कंपनीचं आर-३३५० इंजिन, नवाच्या दोन ओळी, एका इंजिनात १८ सिलिंडर. अशी चार, म्हणजे एका विमानात ७२ सिलिंडर आणि १४४ प्लग. आमच्या अख्ख्या इंजिनाचे ११ लिटर. तिथे एकेका इंजिनाचे जवळपास ५५. एक्झॉस्टच्या वायूंवर तीन टर्बाइन फिरवून तो जोर परत क्रँकशाफ्टला देण्याची सोयही त्यात होती. एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन पुढे हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे गेली. तुमच्या गावात उभं असलेलं विमान त्यातलंच. त्यांच्या आधीच्या कॉन्स्टेलेशनने, ‘मलबार प्रिन्सेस’ने, ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे झेप घेतली, तीही रेडियल इंजिनांवरच. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ते विमान अजून उभं आहे, ही ज्यांनी त्याची निगा राखली त्यांची मेहनत.

प्रश्न: जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं ते विमानही असंच होतं का? (ठाणे)

नाही. १५ ऑक्टोबर १९३२ चं ते पुस मॉथ होतं, आणि त्याला जिप्सी जातीचं चार सिलिंडरचं सरळ रांगेतलं इंजिन होतं. पण रांग उलटी टांगलेली: क्रँकशाफ्ट वर, सिलिंडरची डोकी खाली. त्यामुळे माझा आजचा मुद्दा तिथेही लागू पडतो. उलट्या टांगलेल्या इंजिनातही ऑइल खाली झिरपतं, आणि टायगर मॉथसारख्या विमानांची पातीही सुरू करण्याआधी हाताने फिरवून बघावी लागतात.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सोळा वर्षांची आहे, तुमचा लेख वाचल्यापासून तिला याच विमानावर शिकायचंय. मला काळजी वाटते. शिकू देऊ का?

शिकू द्या, पण याच विमानापासून सुरुवात नको. सोळाव्या वर्षी अमेरिकेत एकटीने उडायची आणि सतराव्या वर्षी परवान्याची मुभा मिळते. आधी साध्या, पुढे चाक असलेल्या विमानावर तिचा पाया होऊ दे. शेपटीला चाक असलेल्या विमानासाठी इथे प्रशिक्षकाची वेगळी नोंद लागते आणि त्या नियमाला चांगलं कारण आहे.

हवेत स्टियरमन फार गुणी आहे. सावकाश, साधारण ताशी ९० मैलांनी चालतं, चुकलं तर आधी सूचना देतं. खरी परीक्षा जमिनीवर. उभं असताना नाक आभाळाकडे असतं, मागच्या कॉकपिटमधून (एकटं उडताना मागेच बसायचं) समोरची धावपट्टी दिसत नाही. म्हणून नागमोडी चालवत, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने बघत न्यायचं. धावायला लागलं की शेपूट उचलते आणि त्याच क्षणी, फिरत्या प्रोपेलरच्या गुणामुळे, नाक डावीकडे ओढ घेतं. उजवा पाय तयार हवा. उतरताना तिन्ही चाकं एकदम टेकवायची, आणि टेकल्यावरही काम संपत नाही. विमानाचं वजन पुढच्या चाकांच्या मागे असतं, चाकांमधलं अंतर कमी असतं. नाक थोडं भरकटलं आणि पायांनी लगेच सावरलं नाही तर मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान जागच्या जागी गिरकी घेतं, खालचा पंख जमिनीला घासतो. माणसाला सहसा इजा होत नाही, पंखाला होते. उतरताना वेग कमी करायला पंखामागे असतात ते फ्लॅप नाहीत. इंधन वरच्या पंखातल्या टाकीतून, पंपाशिवाय, नुसत्या उताराने इंजिनात येतं, आणि किती उरलं ते पंखाखालच्या काचेच्या नळीत मान वर करून बघायचं. ज्या मुलीला हे सगळं सवडीने शिकायचंय तिच्याकडून पुढे कुठलंही विमान नीट उडेल.

तुमच्या मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. दुसऱ्या महायुद्धात टेक्सासमध्ये, मुख्यतः स्वीटवॉटरला, ज्या बायकांना लष्करी विमानं उडवायला शिकवलं, त्यांतल्या अनेकींची सुरुवातही अशाच विमानांवर झाली. १,०७४ जणींनी ते शिक्षण पुरं केलं, ३८ जणींनी त्या कामात जीव गमावला, आणि सैनिक म्हणून मान्यता मिळायला त्यांना १९७७ पर्यंत थांबावं लागलं. शिकवणारा पुढच्या कॉकपिटमधून रबरी नळीतून बोलायचा, ती नळी एकतर्फी असायची. शिकणारीला फक्त ऐकू यायचं. मला त्या बायकांबद्दल अतोनात आदर आहे.

तोपर्यंत तिला एखाद्या शनिवारी जवळच्या विमानतळावर जुन्या विमानांच्या हँगरमध्ये घेऊन जा आणि पुसायला फडकं द्या. तिथली म्हातारी माणसं काम करणाऱ्या मुलांना फार प्रेमाने शिकवतात.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये शिकागोला मुलाकडे येणार आहोत. असं विमान जवळून बघता येईल का? बसता आलं तर काय तयारी लागते? (कोल्हापूर)

चांगल्या वेळी येताय. इलिनॉय राज्यातल्याच गेल्सबर्गला १९७२ पासून दर वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला देशभरातून स्टियरमन येतात. शिकागोहून गाडीने तीनेक तासांची वाट. सकाळी लवकर पोचा, म्हणजे इंजिनं सुरू होताना बघायला मिळतील. कोण आठ पाती मोजतो आणि कोण नाही तेही दिसेल. मालकाला विचारल्याशिवाय विमानाला हात लावू नका, आणि पात्याजवळून कधीही जाऊ नका, इंजिन बंद असलं तरी.

बसायची संधी मिळाली तर तुम्हाला पुढचं कॉकपिट मिळेल. खालच्या पंखावर जिथे पाय ठेवायची काळी पट्टी आहे तिथेच पाय ठेवायचा, बाकी पंख कापडाचा आहे. साडी किंवा ओढणी नको. पँट, अंगाबरोबरचं जाकीट आणि नाडीचे बूट. खाली कितीही ऊन असलं तरी वर वारा बोचतो. चष्मा असेल तर तो मागे दोरीने बांधा. फोन चेनच्या खिशात, आणि पर्स मुलाकडे खाली ठेवून या.

(या विषयावरचे आणखी प्रश्न संपादकांच्या पत्त्यावर पाठवावेत. इंजिन दुरुस्तीच्या प्रश्नांत इंजिनाचा प्रकार आणि ते किती दिवस उभं होतं, एवढं जरूर लिहा.)